उरलेला रकाना

"कुठल्या नियमात हाय, तेवढं दाखवा. आम्ही लगेच उठतो," असं म्हणून फिलूमावशी माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली.

तिच्यामागे काजू फॅक्टरीतल्या एकतीस बाया होत्या. मी मोजल्या. मला मोजायची खोड आहे. देवळात गेले तरी देवाच्या आधी पायऱ्या मोजते. सगळ्यांच्या हातांची बोटं काळी. काजूच्या टरफलातलं तेल लागून लागून कातडी जळते, सोलते, पुन्हा येते. त्यांच्यातल्या निम्म्या बायांच्या अंगठ्यांना रेषाच उरलेल्या नव्हत्या. त्यांचा अंगठा घेतला की रजिस्टरवर नुसता शाईचा गोळा उमटायचा.

गोव्याच्या घाटाच्या तोंडाशी आमचं ग्रामीण रुग्णालय. केसपेपरच्या खिडकीवर मी, मीनाक्षी हेरेकर, कनिष्ठ लिपिक. नोकरीला अकरा वर्षं झाली होती. अक्षर चांगलं, हजेरी पूर्ण, तक्रार शून्य. माणसं चेहऱ्यावरून ओळखण्यापेक्षा मी सहीवरून ओळखायची. सहीखाली दोन रेघा ओढणारा माणूस घरी कसा वागत असेल, ते मला त्याच्या बायकोआधी कळायचं, अशी माझी समजूत होती. या समजुतीचं मला फार कौतुक होतं.

वार मंगळवार. गर्भपाताची कामं आमच्याकडे मंगळवारीच होत. बारा आठवड्यांपर्यंत आमच्याकडे. त्यापुढे गेलं की जिल्ह्याला, दोन डॉक्टरांचं मत, सोनोग्राफी, आणि तिथल्या लोकांचा संशय. मुलगी म्हणून पाडायला आली असेल, हा संशय. सोनोग्राफीवाल्यांवर धाडी पडायला लागल्यापासून जिल्ह्याला गेलेल्या निम्म्या बाया रिकाम्या हातांनी आणि भरल्या पोटांनी परत यायच्या.

बाकाच्या टोकाला कस्तुरी गावडे बसली होती. वय सव्वीस, मुली दोन. आज तिचे अकरा आठवडे चार दिवस भरले होते. पुढचा मंगळवार तिच्या उपयोगाचा नव्हता. आणि तो यायच्या आधीच, उद्या, तिचा नवरा गोव्याहून तिला न्यायला येणार होता.

तिचा हा तिसरा मंगळवार. पहिल्या मंगळवारी ती एकटी आली. मी विचारलं, "नवरा?"

"गोव्यात हाय. हाटेलात."

"सही लागेल त्याची."

"त्यो न्हाई करायचा."

"मग नाही होणार."

एवढंच बोलणं झालं आणि मी पुढच्या पेशंटचं नाव विचारलं.

दुसऱ्या मंगळवारी ती नवरा घेऊन आली. नवरा म्हणजे बस्त्याव. फिलूमावशीचा दीर, साठीचा, लग्नाच्या बँडमध्ये कर्णा वाजवणारा. हा बस्त्याव माझ्या रजिस्टरमध्ये तोवर सात बायांचा नवरा होऊन गेला होता, चार वेगवेगळ्या जातींत. नाव दर वेळी नवं, पण 'र'ची शेपटी तीच, खाली वळून पुन्हा वर उडणारी. फॅक्टरीतल्या बायांनी काढलेली ही युक्ती होती. सही पाहिजे ना, घ्या सही. मी सगळं ओळखून होते आणि गप्प होते. खरं सांगायचं तर मला त्याची मजा वाटायची. दर वेळी बस्त्याव खिडकीशी येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "मंडळींची तब्येत नाजूक हाय, बाई."

पण त्या दिवशी नेमके अधीक्षक डॉक्टर सबनीस खिडकीशी उभे होते. त्यांनी बस्त्यावकडे पाहिलं, कस्तुरीकडे पाहिलं आणि रेशन कार्ड मागितलं. बस्त्याव म्हणाला, "घरी इसरलं," आणि जो गेला तो आलाच नाही.

मग साहेब म्हणाले, "हेरेकर बाई, खऱ्या नवऱ्याला फोन लावा. तो हो म्हणाला तर करून टाकू."

मी कस्तुरीकडे नंबर मागितला. तिनं दिला नाही. तिच्या आधीच्या बाळंतपणाच्या कागदावर तो होता. मी तिथून काढून लावला. तिचं काही चुकलंच असेल तर एवढंच, की ती कागद जपून ठेवणारी बाई होती.

नवरा फोनवर म्हणाला, "ठेवायचं. औंदा मुलगाच हाय. आमच्या आईला सपान पडलंय." आणि मग कस्तुरीला फोन द्यायला सांगितला. ती फक्त ऐकत होती. फोन परत देताना तिनं तो पदरानं पुसून दिला.

त्याला कळलं ते असं, माझ्या बोटांनी लावलेल्या नंबरावरून. म्हणून तो बुधवारी येणार होता. म्हणून आज एकतीस बाया.

फिलूमावशीचं पूर्ण नाव फिलोमिना बार्देस्कर. फॅक्टरीत काजू फोडायच्या ओळीत तिसऱ्या जागेवर बसायची. कधी निवडणुकीला उभी राहिली नाही आणि उभं राहणाऱ्या कुणाला ओळीत शिरू दिलं नाही. "आमचं काम मंगळवारचं हाय, त्यांचं पाच वर्सांचं," म्हणायची. त्या दिवशी तिनं घोषणा दिल्या नाहीत, फलक आणला नाही. एकेका बाईला रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीनं केसपेपर मागितला.

"तक्रार काय?" मी पहिलीला विचारलं.

"नवऱ्याची सही का लागती, ते कळंना झालंय."

"ही तक्रार नव्हे, बाई. तब्येतीची तक्रार सांगा."

"त्यानंच तब्येत बिघडलीया. लिवा."

मागून फिलूमावशी म्हणाली, "तक्रारीचा रकाना छापलाय न्हवं? मग लिवा की. रकाना हाय तर भरायचा, असं तुमीच सांगतासा."

मी लिहिलं. दुसरीचंही तेच, तिसरीचंही तेच. नवव्या बाईनं "वर लिवल्यापरमानं" असं सांगितलं. चाळीस मिनिटांत बाह्यरुग्ण विभाग ठप्प झाला. तापाची पोरं, साप चावलेला एक माणूस आणि आमदारांचे सासरे, सगळे मागे अडकले. सापवाल्याला बायांनीच हातांवर उचलून आत नेलं. आमदारांच्या सासऱ्यांना रांगेत ठेवलं.

तेव्हा सबनीस साहेब बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. हाताला यश होतं. दोनच गोष्टींना भ्यायचे, वर्तमानपत्राला आणि नवऱ्यांना.

"फिलोमिनाबाई, हे बरं नाही. दवाखाना आहे हा."

"व्हय, म्हणूनच आलोय. देऊळ असतं तर नारळ आणला असता."

"नवऱ्याच्या सहीचा नियम मी केलेला नाही. शासनाचा आहे. मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही."

"तेच म्हणती मी. नियम दाखवा."

"परिपत्रक आहे," साहेब म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "हेरेकर बाई, ते परिपत्रक काढा."

"कुठलं, साहेब?"

"कुठलं काय विचारता? नवऱ्याच्या संमतीचं. फाइलला असेल. रेकॉर्ड रूममध्ये बघा."

मी किल्ली घेतली आणि गेले.

मला यायला वीस मिनिटं लागली. जे सापडायचं ते दुसऱ्याच मिनिटाला सापडलं होतं. उरलेली अठरा मिनिटं मी ते मांडीवर घेऊन जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यावर बसून होते. रेकॉर्ड रूमच्या भिंतीला वर जाळी होती. पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"तुमच्या धर्मात तर हे महापाप आहे," साहेब म्हणत होते. "तुम्ही यात कशाला पडता?"

"माझं पाप मी फादरला सांगीन. त्ये तुमच्याकडं केसपेपरवर लिवत न्हाईत."

बाया हसल्या.

"हे बघा, उद्या हिचा नवरा येऊन दवाखान्याच्या काचा फोडेल. कोर्टात मला खेचेल. तुम्ही येणार आहात का तिथं?"

"येणार. एकतीस जणी. पण एक सांगा डाक्टर, बाई मेली तर कोण काच फोडतंय?"

"कोण मेलंय?"

"येणू."

जाळीपलीकडे सापवाल्याची बायको रडत होती.

"ती केस वेगळी होती," साहेब म्हणाले.

"वेगळी कशी? माझ्या शेजारी बसून काजू फोडायची. चार पोरं. पाचवं नको म्हणून इथं आली, सही न्हाई म्हणून परत पाठवलासा. दोनदा. मग पाडायला कुणीतरी काडी घातली. तिसऱ्या दिवशी रिक्षातनं इथंच आणली. त्या येळी बस्त्याव काय सुचला न्हाई आमास्नी. ती गेल्यावर सुचला."

"आम्ही वाचवायचा प्रयत्न केला. रात्रभर…"

"केलासा. न्हाई म्हणत न्हाई मी. पण तिच्या नवऱ्याची सही घेतलासा का न्हाई शेवटी? मढं ताब्यात देताना. तवा त्यो लगेच गावला."

ती सही मीच घेतली होती. येणू कागदोपत्री वेणू. तिच्या नवऱ्यानं सहीखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी उठले. कपाट लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि दोन कागद घेऊन बाहेर आले.

"मिळालं?" साहेबांनी हात पुढे केला.

"परिपत्रक नाही, साहेब."

"नीट बघा."

"नीट बघितलं. कधी नव्हतंच. हा सरकारी छापखान्यातला संमतीचा नमुना. जुन्या गठ्ठ्यात एकच शिल्लक होता. यात बाईची सही आहे, तारीख आहे. नवऱ्याचं काही नाही." मी दुसरा कागद वर ठेवला. "आणि हे आपलं रजिस्टर. म्हणजे त्याचं मूळ पान. हे मी आखलंय."

साहेबांना कळलं नाही. बायांना तर नाहीच. फिलूमावशीनं फक्त पाय बाकावरून खाली घेतले.

मग मी सांगितलं, कार्यालयीन टिपणी वाचून दाखवावी तसं. त्याशिवाय दुसऱ्या कुठल्या आवाजात ते सांगता आलं नसतं. सहा वर्षांपूर्वी मार्चात छापील रजिस्टर संपलं. जिल्ह्याच्या भांडारानं पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं. मंगळवार तर थांबत नाहीत. मी फुलस्केप आडवा घेतला आणि पट्टीनं रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, वय, गाव, आठवडे, कारण, संमती, डॉक्टर. आठ रकाने झाले आणि उजव्या कडेला दीड इंच जागा उरली. पान रिकामं रिकामं दिसायला लागलं. टेबलावर शेजारीच कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं रजिस्टर उघडं होतं. त्यात एक रकाना होता, 'पतीचे नाव व सही'. मी तो उचलला आणि इथं बसवला. झेरॉक्स काढल्या, शिवून घेतल्या. छापील पुढं आलंच नाही, हेच चालू राहिलं.

"का?" फिलूमावशीनं विचारलं.

"जागा उरली होती म्हणून."

साहेब कसनुसं हसले. "काहीतरीच काय बोलता, बाई. मी आल्यापासून हा नियम आहे इथं."

"तुम्ही चार वर्षांपूर्वी आलात, साहेब. रकाना सहा वर्षांचा आहे."

कागद त्यांच्या हातात होता. माझी पट्टी एका जागी टवका उडालेली होती. त्यामुळे माझ्या प्रत्येक उभ्या रेघेला खालून दोन इंचांवर एक खोच यायची. त्यांनी त्या खोचेवर नख फिरवलं. मग आवाज खाली आणून, जणू आम्ही दोघंच तिथं आहोत अशा सुरात म्हणाले, "कुणी का आखला असेना. पद्धत चांगली आहे. आपल्यावर काही येत नाही. चालू राहू द्या."

मला त्या कागदापेक्षा या वाक्याचा राग जास्त आला. अजून येतो. माझी चूक तरी होती. त्यांना ती चूक पसंत होती.

फिलूमावशी उठली. तिनं कस्तुरीच्या हातातली प्लास्टिकची पिशवी घेतली, आतून जुना कागद काढला आणि साहेबांच्या पुढ्यात धरला. कस्तुरीच्या दुसऱ्या बाळंतपणाचा. त्या वेळी ती रक्त जाऊन जाऊन मरायला टेकली होती. खाली साहेबांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'पुढील गर्भधारणा टाळावी. जिवास धोका.'

"ह्येच्या शेजारी लिवा," फिलूमावशी म्हणाली. "पद्धत चांगली हाय म्हणून हिला परत धाडतोय. सही, शिक्का, तारीख. लिवा आणि आम्ही जातो. आमदारांच्या सासऱ्यास्नी पण उशीर होतोय."

एकतीस केसपेपर वर झाले. तक्रारीच्या रकान्यात माझं सुंदर अक्षर. आमदारांचे सासरे मान वाकडी करून त्यातला एक वाचत होते.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण उघडलं, पुन्हा लावलं. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "सिस्टर, गावडेला आत घ्या."

आत जाण्याआधी तिची सही घ्यायची होती. मी रजिस्टर फिरवून तिच्यापुढे ठेवलं. कस्तुरीनं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं. मग तिचं बोट उजवीकडच्या कोऱ्या चौकोनावर गेलं.

"ह्ये मोकळं ऱ्हातंय की."

"राहू दे," मी म्हणाले.

चार वाजता ती बाहेर आली. दोघीजणी तिला धरून फाटकापर्यंत घेऊन गेल्या. नवरा बुधवारी आला, त्यानं खरंच एक काच फोडली आणि कस्तुरीला न घेताच परत गेला. काच माझ्याच खिडकीची होती.

पण त्याच्या आधी, त्या मंगळवारीच, फिलूमावशी मला नळाजवळ भेटली. ती हात धूत होती. त्या हातांचं काळं धुवून जात नाही हे तिला माहीत होतं, तरी धूत होती.

"येणूचं नाव हाय त्या रजिस्टरात?"

"नाही. परत पाठवलेल्यांची नावं चढवत नाही. पण समासात मी पेन्सिलीनं ठिपका देते. किती परत गेल्या ते मला कळावं म्हणून."

"किती?"

"एकशे अठ्ठावन्न."

ती माझ्याकडे बघत राहिली. माणसं सहीवरून ओळखणारी मी. त्या वेळी ती माझं काय वाचत होती ते मला कळलं नाही. मी म्हणाले, "मावशी, मी…"

"माफी मागू नका," ती म्हणाली. "मी कोण द्यायला? आणि जिला मागायची ती हाय का?" मग पदराला हात पुसून, बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं, "तुमचा कागद आणिक कुठं कुठं गेलाय?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझं पान सुबक होतं. जिल्ह्याच्या बैठकीत शेजारच्या दवाखान्यांचे लिपिक ते मागून न्यायचे. मी हौसेनं द्यायची. एकानं तर त्यावर माझं नाव घालू का म्हणून विचारलं होतं.

"चार ठिकाणी तरी," मी म्हणाले. "पुढं त्यांनी कुणाला दिला असेल तर माहीत नाही."

"मग रजा टाका."

साहेबांनी मला नोटीस दिली, शिस्तभंगाची. कारण रकान्याचं नव्हतं. चारचौघांत बोलल्याचं होतं. बदली झाली, दोन वेतनवाढी गेल्या, पुढं मी निवृत्तही झाले. त्या मंगळवाराला आता नऊ वर्षं होतील. या नऊ वर्षांत फिलूमावशी आणि मी सतरा दवाखाने फिरलो. सोबत छापील नमुना असतो, कायद्याचं पान असतं, आणि त्या गावातल्या पाच-सहा बाया असतात. चौदा ठिकाणचा रकाना गेला. आमची मैत्री झाली असं मला म्हणता येणार नाही. एसटीत ती खिडकीशी बसते, मी शेजारी. डबा ती वाटून घेते. नळावरचा विषय तिनं पुन्हा काढला नाही, संपवलाही नाही.

गेल्या महिन्यात घाटापलीकडच्या एका दवाखान्यात गेलो. खिडकीवर पंचविशीचा एक लिपिक, भांग नीट पाडलेला, टेबल स्वच्छ. त्याच्यासमोर एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती आणि तो तिला सांगत होता, "मिस्टरांना घेऊन या, ताई. नियम आहे."

"कुठला?" मी विचारलं.

त्यानं जराही न चिडता रजिस्टर आमच्याकडे फिरवलं. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. अक्षरं पार फुगलेली. पण प्रत्येक उभ्या रेघेला, खालून दोन इंचांवर, ती खोच होती.

"हे बघा," तो बोट ठेवून म्हणाला. "पहिल्यापासून आहे."

"पहिल्यापासनं म्हणजे कवापासनं?" फिलूमावशीनं विचारलं. विचारलं त्याला, बघत होती माझ्याकडे.

ती बाई पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेऊन थांबली होती.

"सतरा मार्चपासून," मी म्हणाले. "दुपारी सव्वातीन वाजल्यापासून." आणि साल सांगितलं.